आडनावाचं मूळ स्कँडिनेव्हियात आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका, कॅनडा, इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांत आता नेल्सन, लिंडक्विस्ट, हॅन्सन अशा आडनावांचे जावई आणि सुना आहेत. नातवंडांना शाळेत वंशवृक्ष काढायला सांगतात. एका बाजूची पाच-सहा पिढ्यांची नावं घरातच मिळतात आणि दुसऱ्या बाजूला पणजोबांपाशी पोचलं की "बहुतेक स्वीडनहून आले होते" एवढ्यावर गाडी अडते. पुढचे प्रश्न अशाच घरांतले आहेत. उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, म्हणून ती आधीच सांगतो: आडनावावरून फार तर देशाचा अंदाज येतो. घराणं सापडायला गाव लागतं.

आमच्या जावयांचं आडनाव 'सन'ने संपतं. म्हणजे घराणं स्कँडिनेव्हियन धरायचं का?

एवढ्यावरून धरू नका. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्येही वडिलांच्या नावाला 'सन' जोडून आडनावं झाली. विल्सन, रॉबर्टसन, जॅक्सन ही तिकडची. ब्रिटिश आरमाराचा प्रसिद्ध सेनापती होरेशिओ नेल्सन हा नॉरफोकमधल्या एका पाद्र्याचा मुलगा. मिनेसोटातल्या शेतकरी नेल्सन कुटुंबाचे पूर्वज मात्र स्वीडनमधले किंवा डेन्मार्क-नॉर्वेमधले असण्याची शक्यता बरीच जास्त.

एक साधी चाचणी करून बघा. शेवटचं 'सन' काढा आणि उरलेलं नाव कोणत्या भाषेतलं आहे ते पाहा. ओल्सन, क्नुटसन, हाल्व्होर्सन, गुस्टाफसन, टॉर्गर्सन यांत उरणारी ओले, क्नुट, हाल्व्होर, गुस्टाफ, टॉर्गर ही नावं इंग्रजी नाहीत, त्यामुळे इथे जवळजवळ खात्री बाळगता येते. जॉन्सन, अँडरसन, पीटरसन यांबाबत आडनाव काहीच सांगत नाही. तिथे कागदच पाहावे लागतात.

शेवटी 'सेन' असेल तर?

मग डेन्मार्क किंवा नॉर्वे. पण दोन अपवाद ध्यानात ठेवा. जर्मनीच्या उत्तर टोकाला, श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये, हान्सेन, पेटरसेन, येन्सेन ही आडनावं घरोघरी आहेत. श्लेस्विग 1864च्या युद्धापर्यंत डेन्मार्कच्या राजाकडे होतं. 1920मध्ये तिथे सार्वमत झालं आणि उत्तरेचा भाग परत डेन्मार्कला मिळाला. त्यामुळे एकाच गावचे दोन भाऊ अमेरिकेच्या कागदांत एक 'जर्मन' आणि एक 'डॅनिश' लागलेले असू शकतात. दुसरा अपवाद हॉलंडचा: यान्सेन हे डच आडनाव अमेरिकेत येन्सेनमध्ये सहज मिसळून जातं.

स्वीडिश रूपात दोन 'एस' असतात, पहिला 'चा' या अर्थाचा आणि दुसरा 'सोन'मधला. अमेरिकेत त्यातला एक गळाला. शिवाय बरेच नॉर्वेजियन आणि डॅनिश लोकही अमेरिकेत गेल्यावर 'सेन'चं 'सन' करून बसले. म्हणून अमेरिकेतल्या स्पेलिंगवरून देश ठरवायला जाऊ नका.

"पूर्वी तिकडे आडनावंच नव्हती" असं वाचलं. मग लोकांना ओळखायचे कसे?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि हे नीट समजलं नाही तर पुढची सगळी मेहनत भलत्याच घराण्यामागे जाते.

सामान्य शेतकऱ्याला कायमचं आडनाव नव्हतं. समजा अँडर्सला निल्स नावाचा मुलगा झाला, तर तो निल्स अँडर्सन. निल्सच्या मुलाचं नाव पेर ठेवलं, तर तो पेर निल्सन, आणि मुलगी कारीन निल्सडॉटर. बापलेकांचं 'आडनाव' वेगळं आणि सख्ख्या भावाबहिणींचंही वेगळं. लग्नानंतर कारीन नवऱ्याचं नाव घेत नसे, मरेपर्यंत ती निल्सडॉटरच. डेन्मार्क-नॉर्वेत याच रीतीने 'सेन' आणि 'डाटर'.

हे थांबलं कायद्याने, आणि प्रत्येक देशात वेगळ्या काळी. डेन्मार्कमध्ये राजाने 1526मध्ये सरदार घराण्यांना कायमची नावं घ्यायला लावली. श्लेस्विगमध्ये 1771मध्ये आणि बाकी डेन्मार्कमध्ये 1828मध्ये सामान्य लोकांसाठी हुकूम निघाले. खेड्यापाड्यांत लोकांनी आणि पाद्र्यांनी ते लगेच मनावर घेतले नाहीत, म्हणून 1856मध्ये पुन्हा बजावावं लागलं. स्वीडनमध्ये 1901चा आडनावांचा वटहुकूम आणि नॉर्वेत 1923चा कायदा. तोवर शहरांत अनेकांनी आपणहून आडनाव कायम केलं होतं.

आडनाव गोठलं त्या वेळी बापाचं किंवा आजोबांचं जे नाव होतं, तेच पुढे कायमचं चिकटलं. म्हणून डेन्मार्कमध्ये निल्सेन, येन्सेन, हान्सेन इतके भरमसाट आहेत. शेजारी राहणाऱ्या दोन निल्सेन कुटुंबांचा काडीचाही संबंध नसू शकतो. या गर्दीतून सुटका व्हावी म्हणून 1904मध्ये डेन्मार्कने नवं आडनाव घेणं सोपं केलं.

आइसलँडमध्ये जुनी रीत आजही चालू आहे. 1925च्या कायद्याने तिथे नवी घराणे-नावं घ्यायला बंदी घातली. ब्लॉन्दाल, ब्रिएम अशी त्याआधीची थोडी नावं तेवढी राहिली. मॅनिटोबातल्या गिमली या गावी 1875पासून वसलेल्या आइसलँडिक कुटुंबांचा शोध घेताना हे विसरू नका: अमेरिका-कॅनडात पोचलेल्या पिढीचं 'आडनाव' मायदेशातल्या त्यांच्या वडिलांना बहुधा नसणार.

मग सासूबाईंच्या किंवा पणजीच्या बाजूने शोध घेणं अशक्यच ना?

उलट तिकडेच जास्त सोपं. इंग्लंड-अमेरिकेच्या जुन्या कागदांत लग्न झालेली बाई नवऱ्याच्या नावाखाली नाहीशी होते, आणि तिचं माहेर शोधता शोधता वर्षं जातात. स्कँडिनेव्हियाच्या चर्चच्या वहीत मात्र ती स्वतःच्या वडिलांच्या नावानेच उभी असते: मुलांच्या बाप्तिस्म्याला, घराच्या नोंदीत, मृत्यूच्या नोंदीतही. कारीन निल्सडॉटरच्या वडिलांचं नाव निल्स होतं, हे तिचं नाव वाचताक्षणी कळतं. मला या नोंदींतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. ज्यांना फक्त 'आडनावाची' म्हणजे पुरुषांची साखळी हवी असते त्यांनाही मी सांगतो की बायकांची साखळी सोडू नका. बरेचदा पुरुषाकडची वाट बंद पडते आणि बायकोच्या माहेराकडून गाव सापडतं.

मुलांची नावं ठेवायच्या पद्धतीचाही उपयोग होतो. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, मुलींना त्याच क्रमाने आज्यांची. जोडीदार वारल्यावर दुसरं लग्न केलं, तर त्या नव्या घरातल्या पहिल्या योग्य मुलाला किंवा मुलीला गेलेल्या जोडीदाराचं नाव देत. नियम काटेकोर नव्हता, पण अमेरिकेतल्या भावंडांची नावं ओळीने मांडली की मायदेशातल्या आजोबांच्या नावाचा अंदाज बांधता येतो.

आमच्या व्याह्यांचं आडनाव हौगेन आहे. नॉर्वेत सगळे हौगेन एकमेकांचे नातलग का?

नाही. हौगेन म्हणजे टेकाड. बाक्केन म्हणजे चढ, मोएन म्हणजे माळ, लिएन म्हणजे डोंगराची उतरण. अशा नावांची शेतं नॉर्वेभर विखुरलेली आहेत, आणि ही आडनावं त्या शेतांची आहेत.

नॉर्वेजियन माणसाची ओळख तीन भागांची असे: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आणि तो राहतो ते शेत. आपल्याकडे पेडणेकर पेडण्याहून मुंबईला आला तरी पेडणेकरच राहतो. नॉर्वेत तसं नव्हतं. ओले लार्सेन हौगेन उद्या बाक्केनच्या शेतावर राहायला गेला की तो ओले लार्सेन बाक्केन. शेताच्या वारसदार मुलीशी लग्न करून घरजावई झालेला माणूस त्या शेताचं नाव लावी. आणि जमीनदाराच्या कडेला झोपडी बांधून राहणारा, मोबदल्यात त्याच्याकडे राबणारा कूळ माणूसही तेच नाव लावी. म्हणून एका शेताच्या नावाखाली सापडलेली दोन कुटुंबं मालक आणि कूळ असू शकतात. नोंदीत त्या माणसाचा हुद्दा काय लिहिलाय हे वाचल्याशिवाय नातं जोडू नका.

अमेरिकेत गेल्यावर मात्र शेताचं नाव कायमचं झालं. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉल प्रशिक्षक क्नूट रॉकनी यांचा जन्म 1888मध्ये नॉर्वेतल्या व्हॉस इथे झाला, तेव्हाचं नाव क्नुट लार्सेन रोकने. रोकने हे व्हॉसमधलं शेत. वडिलांचं नाव लार्स क्नुटसन रोकने, म्हणजे आजोबा क्नुट आणि नातूही क्नुट. वर सांगितलेली नामकरणाची पद्धत इथे डोळ्यांसमोर दिसते. 1977 ते 1981 अमेरिकेचे उपाध्यक्ष असलेले वॉल्टर माँडेल यांचं आडनावही असंच, पश्चिम नॉर्वेतल्या फ्यारलँडच्या मुंडाल या ठिकाणावरून आलेलं.

या नावांसाठी ओलुफ रीग यांनी सुरू केलेला 'नॉर्स्के गार्डनाव्ने' हा अनेक खंडांचा ग्रंथ आहे, 1897पासून प्रसिद्ध होत गेलेला. नॉर्वेतल्या शेतांची नावं, जुनी रूपं आणि व्युत्पत्ती त्यात जिल्ह्यावार दिली आहेत, आणि तो इंटरनेटवर फुकट पाहता येतो. शिवाय अनेक तालुक्यांनी आपापले 'बिग्देबोक' छापले आहेत, म्हणजे शेतावार लिहिलेला गावाचा इतिहास, कोण कधी कुठून राहायला आलं यासकट. तुमच्या गावाचा बिग्देबोक मिळाला तर निम्मं काम झालं म्हणा.

लिंडबर्ग, बेर्गस्ट्रम, एकलुंड अशी आडनावं स्वीडनमधली का? त्यांचा अर्थ पूर्वजांच्या गावाशी जुळतो का?

स्वीडनमधली, हे बहुतेक वेळा खरं. अर्थ मात्र गावाशी जुळेलच असं नाही. लिंड म्हणजे लिंडनचं झाड, एकलुंडमधला 'एक' म्हणजे ओकचं झाड, बेर्ग म्हणजे डोंगर, स्ट्रम म्हणजे प्रवाह, लुंड म्हणजे राई, क्विस्ट म्हणजे डहाळी. सतराव्या-अठराव्या शतकात शहरातल्या व्यापारी आणि कारागिरांनी असे दोन शब्द जोडून नावं घ्यायला सुरुवात केली. पुढे खेड्यातून आलेल्यांनीही तेच केलं. कानाला गोड लागतं म्हणून घेतलेली नावं यात पुष्कळ आहेत.

पाद्री आणि विद्वान लॅटिन किंवा ग्रीक वळणाची नावं घेत, शेवटी 'इउस' किंवा 'आंडर' असलेली. वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियस यांचे वडील निल्स इंगेमार्सन. शिकताना आडनाव लागलं, तेव्हा त्यांनी घराण्याच्या जमिनीवरच्या मोठ्या लिंडन वृक्षावरून ते बनवलं. इथे झाड खरोखर होतं.

लिंडबर्गचं उदाहरण मी मुद्दाम सांगतो. 1927मध्ये एकट्याने न थांबता अटलांटिक ओलांडणारे वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचे आजोबा स्वीडनच्या स्कोने प्रांतातले शेतकरी आणि संसदेचे सदस्य होते. त्यांचं नाव ओला मोन्सन. पैशांच्या अफरातफरीचे आरोप झाले आणि 1859मध्ये ते लहानग्या मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन मिनेसोटाला निघून गेले. तिथे ते ऑगस्ट लिंडबर्ग झाले. आता कोणी लिंडबर्ग हे नाव घेऊन स्कोनेच्या चर्चच्या वह्यांत या आजोबांचा बाप्तिस्मा शोधू लागला, तर त्याला ते सापडणार नाहीत. 'मोन्सन' माहीत असलं तरी पंचाईत आहेच, कारण स्कोनेमध्ये मोन्सन गावोगाव होते. प्रांत, पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गावांचा भाग) आणि जन्मतारीख या तिन्ही गोष्टी हातात आल्या तरच माणूस नक्की होतो.

आडनाव राश्क किंवा स्टोल असं एका शब्दाचं आहे. हे काय?

बहुधा शिपायाचं नाव. राजा अकरावा कार्ल याने 1680च्या दशकात सैन्याची नवी व्यवस्था लावली. काही शेतं मिळून एक गट करत आणि त्या गटाने एका शिपायाला पोसायचं, त्याला खोपटं आणि जमिनीचा तुकडा द्यायचा. एकाच तुकडीत दहा-दहा अँडर्सन आले तर हुकूम कोणाला हे कळेना, म्हणून प्रत्येकाला छोटं, खणखणीत नाव मिळे: मोदिग म्हणजे शूर, राश्क म्हणजे चपळ, ट्रिग म्हणजे भरवशाचा, स्टोल म्हणजे पोलाद, स्वेर्ड म्हणजे तलवार, डोल्क म्हणजे खंजीर.

पुष्कळदा हे नाव माणसापेक्षा त्या गटाचं असे. एक शिपाई निवृत्त झाला की त्याच खोपटात येणारा पुढचा, ज्याचं त्याच्याशी नातं नाही, तोही तेच नाव लावी. म्हणून गावात सलग तीन 'राश्क' सापडले की आजोबा-बाप-मुलगा असं धरून चालू नका. शिपायाची मुलं कधी हे नाव पुढे नेत, कधी पुन्हा वडिलांच्या नावावर जात. शिपायाच्या बाबतीत एक मोठा फायदा मात्र आहे: लष्कराच्या हजेरी-तपासणीच्या यादीत वय, जन्माचा प्रांत, उंची आणि लग्न झालंय की नाही हेही सापडू शकतं.

न्यूयॉर्कच्या एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावरच्या अधिकाऱ्यांनी नाव बदललं, असं घरात सांगतात.

ही समजूत फार पसरलेली आहे, पण ती खरी नाही. प्रवाशांची यादी निघण्याच्या बंदरात, बोटीच्या कंपनीचे लोक करत. एलिस आयलंडवरचे अधिकारी ती यादी हातात घेऊन नावं पडताळत. शिवाय ते केंद्र सुरू झालं 1892मध्ये. नॉर्वेहून पहिली संघटित टोळी 'रेस्टाउरात्सिओन' या छोट्या गलबतातून जुलै 1825मध्ये स्टावांगरहून निघाली होती, आणि 1850-60च्या दशकांत नॉर्वेची बरीच जहाजं न्यूयॉर्कला न जाता कॅनडात क्वेबेकला लागत. तुमचे पूर्वज त्या काळातले असतील तर एलिस आयलंडच्या यादीत शोधण्यात अर्थ नाही.

नाव बदललं ते लोकांनी स्वतः, हळूहळू: शाळेत, नोकरीत, चर्चमध्ये, टपालाचा घोळ नको म्हणून. स्वेनसनचं स्वॉन्सन, बेंग्टसनचं बेन्सन, मोन्सनचं मॉन्सन. युंगबेर्गचं यंगबर्ग, कारण उच्चार तसा ऐकू येतो. शबेर्गमधल्या 'श'चा अर्थ सरोवर, म्हणून कोणी त्याचं सीबर्ग केलं. योहानसन, योन्सन, योहानेसन या सगळ्यांचं मिळून जॉन्सन झालं. यातलं कोणतं रूप मूळ, हे अमेरिकेतल्या पहिल्या पिढीच्या चर्चमधल्या नोंदीतून कळतं.

मग नेमकी सुरुवात कुठून करायची?

घरापासून. बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या जन्मतारखा, जुनी पत्रं, फोटोच्या मागे छापलेलं स्टुडिओचं गाव, थडग्यावरचा मजकूर. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाशी आधी बोला. ते राहून गेलं तर नंतर कोणतंही दफ्तर ती भरपाई करू शकत नाही.

मग अमेरिकेतले कागद. सप्टेंबर 1906 नंतरच्या नागरिकत्वाच्या अर्जांत जन्मगाव असतं, त्याआधीच्या अर्जांत बरेचदा नुसता देश. 1900च्या जनगणनेत देशात आल्याचं वर्ष आहे. स्थानिक वृत्तपत्रातला मृत्युलेख पाहा. पण माझ्या मते सगळ्यात भरवशाची नोंद तिथल्या लुथरन चर्चची. 1860मध्ये स्थापन झालेल्या ऑगस्टाना सिनड या चर्चसंघाच्या स्वीडिश चर्चमध्ये पाद्री मायदेशासारख्याच वह्या ठेवत, आणि त्यात सभासदाच्या नावापुढे स्वीडनमधल्या जन्माची पॅरिश लिहीत. ही एक ओळ सापडली की अटलांटिक ओलांडता येतो.

अडलात तर विचारायला जागा आहेत: इलिनॉयमधल्या रॉक आयलंडच्या ऑगस्टाना कॉलेजातलं स्वेन्सन सेंटर स्वीडिश घराण्यांसाठी, विस्कॉन्सिनच्या मॅडिसनमधलं नॉर्वेजियन अमेरिकन वंशावळ केंद्र, आणि आयोवातल्या एल्क हॉर्नचं डॅनिश संग्रहालय.

गाव सापडलं. पुढे वह्यांत काय मिळतं?

इथून पुढे आनंदाचं काम आहे, कारण या देशांनी आपली दफ्तरं जपली आणि घरबसल्या उघडी केली. नॉर्वेचं 'डिजिटालार्किवे' आणि डेन्मार्कचं 'आर्किवालियर ऑनलाइन' फुकट आहेत. स्वीडनच्या राष्ट्रीय दफ्तराचं संकेतस्थळही 2018पासून फुकट आहे.

स्वीडनची 'हुसफोर्हेर्सलेंग्ड' नावाची वही जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल अशी. 1686च्या चर्च कायद्याने पाद्र्यावर बंधन आलं की त्याने घरोघरच्या माणसांची वाचन आणि धर्मज्ञानाची परीक्षा घ्यावी आणि नोंद ठेवावी. एक पान उघडा. वर शेताचं नाव. खाली घरधनी, बायको, मुलं, मग गडी आणि मोलकरीण, प्रत्येक एका ओळीत. ओळीत जन्मतारीख, जन्माची पॅरिश, लग्नाची तारीख. मधल्या रकान्यांत वाचता किती येतं याच्या बारीक खुणा, कुठे देवीची लस टोचल्याची नोंद. कडेला कुठून आला आणि कुठे गेला, आणि बरेचदा त्या दुसऱ्या पानाचा क्रमांक. मेलेल्या किंवा गेलेल्या माणसाच्या नावावर रेघ मारलेली. पानाच्या क्रमांकांवरून एक माणूस जन्मापासून मरणापर्यंत, शेतामागून शेत, ओळीने गाठता येतो. परदेशी गेलेल्याच्या ओळीत 'उ. अमेरिका' आणि तारीख. ती तारीख अमेरिकेतल्या आगमनाशी जुळली की माणूस तोच.

नॉर्वेसाठी 1801, 1865, 1900 आणि 1910च्या जनगणना आधी पाहा, नंतर चर्चच्या वह्या. डेन्मार्कला 1787पासूनच्या जनगणना आहेत. त्याशिवाय सैन्यभरतीच्या याद्या आहेत, ज्यांत 1788च्या सुधारणांनंतर शेतकऱ्यांच्या मुलांची नोंद जन्मापासूनच होई, आणि मुलगा वडिलांच्या नावाजवळच सापडतो. गावागावांत येन्सेन असलेल्या देशात हे वरदानच आहे.

आणि परदेशी निघालेल्यांच्या याद्या: क्रिस्तियानिया, म्हणजे आजचं ओस्लो, कोपनहेगन आणि गोथेनबर्ग इथल्या पोलिसांनी 1860च्या दशकाच्या अखेरीपासून त्या ठेवल्या. गोथेनबर्गहून निघालेले बहुतेक लोक आधी इंग्लंडात हल बंदरात उतरत, आगगाडीने लिव्हरपूलला जात आणि तिथून अमेरिकेची बोट धरत. इंग्लंडातल्या याद्यांत नाव सापडलं म्हणून घराणं इंग्रज ठरवू नका.

वाचताना कुठे फसायला होतं?

अक्षरांत. वर गोल असलेलं 'ए', दोन टिंबांची 'ए' आणि 'ओ', तिरकी रेघ असलेला 'ओ' ही वेगळी अक्षरं आहेत आणि वर्णमालेच्या शेवटी येतात. गोल असलेल्या 'ए'च्या जागी जुन्या कागदांत दोन 'ए' असतात. नॉर्वेने ते अक्षर 1917मध्ये घेतलं, डेन्मार्कने 1948मध्ये. 'के' आणि 'क्यू', 'व्ही' आणि 'डब्ल्यू' सर्रास अदलाबदल होतात, म्हणून शोधताना सगळी रूपं टाकून पाहा.

तारखांतही. बाप्तिस्म्याची तारीख कित्येकदा सणाच्या नावाने लिहिलेली असते, 'ट्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार' अशी, आणि तो त्या वर्षी कधी आला हे तक्त्यातून काढावं लागतं. डेन्मार्क-नॉर्वेने नवं कॅलेंडर 1700मध्ये घेतलं, स्वीडनने 1753मध्ये. मधल्या धरसोडीत स्वीडनमध्ये 1712 साली चक्क 30 फेब्रुवारी ही तारीख आली. ती दिसली तर चूक समजून दुरुस्त करू नका.

आडनाव इंग्रजी आहे, पण घरात वायकिंग पूर्वजांची गोष्ट सांगतात. कर्बी, थॉर्प, ब्रेथवेट ही वायकिंग आडनावं ना?

गावांची नावं वायकिंग काळातल्या भाषेतली आहेत, हे खरं. 865मध्ये मोठी डॅनिश फौज इंग्लंडात उतरली, पुढच्या वर्षी यॉर्क पडलं, आणि पूर्व-उत्तर इंग्लंडात 'बी', 'थॉर्प', 'थ्वेट' अशा शेवटाची गावं झाली. पण इंग्लंडात आडनावं वंशपरंपरेने चालू झाली ती 1066 नंतरच्या दोन-तीन शतकांत. तेव्हा सेल्बीहून आलेला कोणीही माणूस सेल्बी झाला, मग त्याचे पूर्वज डॅनिश असोत की नसोत.

स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये धागा जरा पक्का आहे. मॅकऑले आणि मॅकऑलिफ यांत ओलाफ आहे, मॅकआयव्हरमध्ये ईवार, मॅक्लाउडमध्ये ल्योट. ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटं तर 1468-69मध्ये राजकन्या मार्गारेटच्या हुंड्यापोटी गहाण पडेपर्यंत डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाकडेच होती, आणि लिंकलेटर, इस्बिस्टर ही ऑर्कनीची आडनावं तिथल्या शेतांवरून आली. नॉर्मंडीतलं आंकेतिल हे फ्रेंच आडनावही आस्केटिल या नॉर्स नावाचंच रूप. पण या सगळ्यांत नावापासून आजच्या माणसापर्यंत कागदांची साखळी लागत नाही. मधली कित्येक शतकं सामान्य माणसाची नोंदच नाही.

डीएनए चाचणीने निकाल लागेल का?

आडनावाचा निकाल लागणार नाही, चुलत नातेवाईक मात्र मिळू शकतात. टक्केवारीचे रंगीत नकाशे हा अंदाज असतो, आणि कंपनी बदलली की आकडे बदलतात. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राचा 'आय-1' हा गट स्वीडनमध्ये एक तृतीयांशाहून जास्त पुरुषांत आढळतो, पण तो जर्मनी-इंग्लंडातही आहे. ब्रिटिश आडनावात वाय गुणसूत्र आणि नाव शतकानुशतकं सोबत चालतात. स्कँडिनेव्हियात नावच दर पिढीला बदलत होतं, त्यामुळे आडनावावर आधारलेले डीएनए प्रकल्प इथे फारसे कामाचे नाहीत. आणि 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या 442 प्राचीन सांगाड्यांच्या अभ्यासात ऑर्कनीत वायकिंग पद्धतीने पुरलेले काही जण जन्माने स्थानिकच असल्याचं दिसलं.

नॉर्वे-स्वीडनमध्ये आडनाव सापडलं म्हणजे मूळ तिथलंच ना?

तेही पाहावं लागतं. नॉर्वेचे थोर संगीतकार एडवर्ड ग्रीग यांचे पणजोबा स्कॉटलंडहून बेर्गेनला आले होते, तिकडचं नाव ग्रेग. स्वीडनच्या लोखंडाच्या भट्ट्यांवर सतराव्या शतकात आजच्या बेल्जियमच्या भागातून वालून कारागीर आले आणि त्यांची आडनावं उपलँडमध्ये आजही आहेत.

आडनावाचं बोधचिन्ह विकत मिळतं. घ्यावं का?

भिंतीला शोभा म्हणून घ्या, पुरावा म्हणून नको. चिन्ह एका विशिष्ट घराण्याचं असतं, आडनावाचं नाही. हान्सेन नावाच्या सगळ्या शेतकऱ्यांचं मिळून एक चिन्ह कधी नव्हतं.

भारतात अशा आडनावांचा काही माग आहे का?

आहे, आणि मुंबईकरांच्या रोजच्या बोलण्यात आहे. हेनिंग होल्क-लार्सेन आणि सोरेन क्रिस्टियन टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी 1938मध्ये मुंबईत भागीदारी सुरू केली, तीच आजची लार्सन अँड टुब्रो. लार्सेन म्हणजे लार्सचा मुलगा. इतक्या लार्सेनमध्ये ओळख पटावी म्हणून आधी घराण्यातलं दुसरं नाव लावायची रीत डेन्मार्कमध्ये रुळली आहे. त्याहून जुना माग तमिळनाडूतल्या तरंगमबाडीचा, जिथे 1620 ते 1845 डॅनिश वसाहत होती, आणि बंगालमधल्या श्रीरामपूरचा, 1755 ते 1845. पूर्वज तिथे नोकरीला असल्याचं घरात सांगत असतील तर कोपनहेगनच्या राष्ट्रीय दफ्तरात चौकशी करा.

तिकडचे आजचे नातेवाईक शोधून पत्र लिहावं का?

जरूर लिहा. इंग्रजी चालतं. फक्त "आमचं आडनाव अँडरसन, आपण नातलग आहोत का" असं लिहू नका, त्याला कोणी काय उत्तर देणार? शेताचं नाव, पॅरिश, परदेशी गेलेल्या माणसाचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट, जन्मतारीख आणि निघाल्याचं वर्ष एवढं लिहा. स्वीडनमध्ये गावोगाव स्थानिक इतिहास मंडळं आहेत, आधी त्यांना लिहिलं तरी चालेल. मागे राहिलेल्या भावाच्या किंवा बहिणीच्या घरात अमेरिकेहून आलेली पत्रं आणि फोटो असू शकतात, आणि त्या फोटोंतली माणसं कोण हे त्यांना माहीत नसतं. तुमच्याकडच्या फोटोंच्या प्रती नावं लिहून सोबत पाठवा.